गाडीचा चौथा गिअर आणि हिशेबाची वही

कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा उशिरा झाली म्हणून आपण लगेच नवा कुकर आणायला निघत नाही. आधी झाकणाचे रबर बघतो, शिट्टीत डाळीचे साल अडकले आहे का ते बघतो, पाणी नीट घातले होते ना ते आठवतो. मिक्सर मध्येच बंद पडला तर उलटा करून तळाचे लाल बटण दाबून पाहतो. मुलाला ताप आला तर कधी चढला, कशाने उतरला, आदल्या दिवशी पोटात काय गेले, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच घडाघडा सांगतो. ही सगळी तपासणीच असते, आणि ती आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. मोटार बिघडली की मात्र हे शहाणपण फडताळात ठेवून देतो आणि म्हणतो, "मला बाई त्यातलं काही कळत नाही. हे आले की बघतील."

आज मी तुम्हाला मोटारीच्या एकाच दुखण्याविषयी सांगणार आहे. त्याचे नाव ओव्हरड्राइव्ह न लागणे. नाव ऐकून पान उलटू नका हं! गेल्या काही वर्षांत आपल्या गावोगावी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाड्या पुष्कळ आल्या आहेत. मारुतीच्या चार गिअरांच्या ऑटोमॅटिक सियाझ आणि अर्टिगा, टोयोटाची जुनी ऑटोमॅटिक कोरोला, अशा गाड्यांच्या गिअरच्या दांड्यावर एक छोटेसे बटण असते आणि त्यावर 'ओ/डी' अशी अक्षरे असतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर हे दुखणे आज ना उद्या तुमच्या कानावर येईल.

आधी ओव्हरड्राइव्ह म्हणजे काय ते बघू. गिअरची सायकल मुलांनी चालवलेली तुम्ही पाहिली असेल. पुढची दातेरी चकती मोठी आणि मागची लहान घेतली, की पायडल सावकाश फिरते आणि चाक मात्र भराभर पळते. चढावर हे जमत नाही, पाय भरून येतात. सपाट रस्त्यावर मात्र सुखच सुख! मोटारीतही तेच आहे. आपल्या जुन्या अँबॅसिडरला आणि प्रीमियर पद्मिनीला चार गिअर असत, आणि टॉप गिअर म्हणजे एकास एक हिशेब. इंजिनाच्या जेवढ्या फेऱ्या, तेवढ्याच फेऱ्या गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या. ओव्हरड्राइव्ह ही त्याच्या पुढची पायरी. इंजिनाने साधारण ७० फेऱ्या घेतल्या की पुढचा दांडा १०० घेतो. त्यामुळे हमरस्त्यावर आवाज कमी, पेट्रोल कमी आणि इंजिनाची झीजही कमी.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९३४ सालच्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीत ओव्हरड्राइव्ह होता. इंग्लंडमध्ये एडगर द नॉर्मनव्हिल या इंजिनिअरने बेतलेला ओव्हरड्राइव्ह शेफील्डच्या लेकॉक कारखान्यात बनत असे. तो गिअरबॉक्सच्या मागे वेगळा जोडायचा आणि ड्रायव्हरने बटणाने चालू-बंद करायचा. चार गिअरांच्या ऑटोमॅटिक गाडीत असे वेगळे यंत्र दिसत नाही. तिचा तिसरा गिअर एकास एक असतो आणि चौथा गिअर हाच ओव्हरड्राइव्ह. दांडा 'डी'वर ठेवला की गाडी आपली आपण एकापासून चारापर्यंत चढत जाते. बटण दाबले की समोर 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो आणि चौथ्याचे दार बंद होते.

हे दार बंद करायचे तरी कशासाठी? घाटासाठी. कसारा घाट चढताना गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा अशी चुळबुळ करते, तेव्हा चौथा बंद केला की ती मुकाट्याने तिसऱ्यावर चढते. उतरताना तिसऱ्या गिअरमुळे इंजिनच गाडीला थोडे धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. घाट संपला की बटण पुन्हा दाबून दार उघडायचे. ही सवय प्रत्येकीने लावून घ्यावी.

आता आमच्याकडे काय झाले ते सांगते. आमची गाडी सेकंडहँड, बारा-तेरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार गिअरांची ऑटोमॅटिक. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. आम्ही राहतो नाशिकला आणि माझे माहेर संगमनेरला. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली आहे. तिचे सगळे माझी वहिनी करते, अगदी पोटच्या मुलीसारखे करते. तिला आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा मिळावा म्हणून दर शनिवारी मी सकाळी साडेसहाला निघते, आईच्या आंघोळीच्या वेळेला पोहोचते आणि रात्री परत येते. ह्यांची शनिवारी कारखान्यात पाळी असते, त्यामुळे गाडी मीच चालवते. डबे, धुतलेल्या चादरी, औषधे, मोठ्या माणसांच्या डायपरचे गठ्ठे, एवढे सामान घेऊन एसटीने जाणे एकदा जमते, दर आठवड्याला जमत नाही. गाडी गेली तर वहिनीचा शनिवार गेला, असा आमच्याकडचा सरळ हिशेब.

डिसेंबरमध्ये गाडी हमरस्त्यावर ओरडायला लागली. ८० च्या वेगाला आरपीएमचा काटा दोन हजारांच्या थोडा पुढे असायचा, तो तीन हजारांवर जाऊन बसला. चौथा गिअर पडत नव्हता. एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या तरुणाने दोन किलोमीटर चालवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेला. उतरवून खोलावा लागेल. पंचाहत्तर हजार धरून चला. साहेबांना एकदा पाठवा, मी त्यांना समजावून सांगतो."

साहेबांना म्हणजे आमच्या ह्यांना मी घरी आल्यावर सांगितले. हे म्हणाले, "एवढे पैसे त्या गाडीत घालण्यापेक्षा विकून टाकू. तू बसने जात जा." त्यांचेही खोटे नव्हते. गाडीची किंमतच मुळी दोन लाखांच्या आत. मी म्हटलं, "मला दोन शनिवार द्या. मग काय ते ठरवा."

ते दोन शनिवार मी काय केले, ते क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरून आत यायचे आणि फुकटच्या गोष्टीपासून महागाच्या गोष्टीकडे जायचे.

पहिली पायरी दिव्याची. 'ओ/डी ऑफ' दिवा सतत लागलेला असेल तर चौथा गिअर कोणीतरी बटणाने बंद केला आहे. गाडी धुणाऱ्या मुलाचा हात लागतो, पर्सचा पट्टा अडकतो, लहान मूल खेळते. बटण दाबा, दिवा विझेल, दुखणे संपेल. दिवा सतत न लागता लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ निराळा. पुष्कळ जपानी गाड्यांत तो लुकलुकला, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला एखादा दोष सापडला आहे आणि त्याने तो नोंदवून ठेवला आहे असे समजायचे. मग मशीन लावून ती नोंद वाचून घ्यायची. आमचा दिवा ना लागत होता, ना लुकलुकत होता. म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची काही तक्रार नव्हती.

दुसरी पायरी गिअर मोजण्याची. यासाठी शेजारी कोणीतरी हवे. अकरावीतल्या लेकीला बरोबर घेतले आणि वही तिच्या मांडीवर दिली. चालवणारीने फक्त रस्ता बघायचा, काटा शेजारणीने बघायचा, हा नियम मोडू नका. सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने वेग वाढवत न्यायचा. प्रत्येक गिअर पडला की आरपीएमचा काटा खाली येतो. एकातून दोन, दोनातून तीन, तीनातून चार, अशा तीन उतरत्या मोजायच्या. यानंतर आणखी एक बारीकशी उतरती दिसते. ती गिअरची नव्हे. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्यामधला टॉर्क कन्व्हर्टर घट्ट जुळून एकजीव होतो, त्याची ती उतरती. पुष्कळ जण तिलाच ओव्हरड्राइव्ह समजतात आणि फसतात.

खात्री करायची असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. ७० च्या आसपास वेग स्थिर ठेवून ओव्हरड्राइव्हचे बटण दाबा. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि काटा सात-आठशेने वर उडाला, तर चौथा लागलेला होता आणि तुम्ही तो बंद केलात. काहीच फरक पडला नाही, तर चौथा लागलेलाच नव्हता. परीक्षा झाली की बटण पुन्हा पूर्ववत करा. आमच्या गाडीत त्या सकाळी काहीच फरक पडला नाही. लेकीने वहीत लिहिले, "सकाळी सात, चौथा नाही."

तिसरी पायरी तेलाची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे सगळे काम तेलाच्या दाबावर चालते. तेल कमी असेल तर बिचारा गिअर पडणार कसा? पुष्कळ गाड्यांत हे तेल मोजायला वेगळी पट्टी असते. गाडी सपाट जागी उभी करायची, दांडा 'पी'वर, हँडब्रेक ओढलेला, इंजिन तापलेले आणि चालू ठेवूनच मोजायचे, अशी बहुतेक गाड्यांची रीत आहे. काही गाड्यांत इंजिन बंद करून लगेच मोजतात. तेव्हा गाडीबरोबरचे पुस्तक उघडून आपल्या गाडीची रीत बघावी. पट्टी पांढऱ्या कापडाला पुसा. पुष्कळ गाड्यांत नवे तेल लाल, डाळिंबाच्या रसासारखे असते. वापराने ते तपकिरी होते, त्याची काळजी नाही. पण काळे पडले असेल आणि करपलेल्या फोडणीसारखा वास येत असेल तर आत काहीतरी जळते आहे हे नक्की. पातळी कमी भरली तर तेल गेले कुठे ते शोधायला हवे, नुसती भर घालून भागत नाही. आणि भर घालायची ती पुस्तकात लिहिलेल्याच जातीच्या तेलाची. आमचे तेल तपकिरी होते, पातळी बरोबर होती आणि वास नव्हता.

चौथी पायरी सगळ्यांत सोपी, तरी कोणी करत नाही अशी. दुखणे केव्हा होते आणि केव्हा होत नाही, ते लिहून काढायचे. वहीचे पान आम्ही आडवे धरून आखले. वेळ, हवा, रस्ता, टेंपरेचरचा काटा, चौथा पडला की नाही. दोन शनिवारांत पान भरले. सकाळी पळसे, शिंदे या गावांपर्यंत, कडाक्याची थंडी, चौथा नाही. मोहदरी घाट चढून वर आल्यावर चौथा पडला! सिन्नरच्या पुढे आठ-दहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा सुटला. पुढे रस्त्याच्या कामामुळे वीस मिनिटे खोळंबलो. इंजिन चालूच होते. निघाल्यावर चौथा पडला, आणि वारा लागला तसा थोड्या वेळाने परत गेला. दुपारी औषधे आणायला संगमनेरच्या बाजारात आणि बाहेरच्या रस्त्याला फिरले, ऊन चांगले तापले होते, चौथा अगदी शहाण्यासारखा पडला.

आता तुम्हीच सांगा, हे पान वाचून काय वाटते? मोडलेला खलबत्ता सकाळी मोडका आणि दुपारी धड असतो का? झिजलेला गिअरबॉक्स बहुधा तेल तापून पातळ झाल्यावर जास्त कुरकुर करतो. आमचा उलट होता, तापला की सुधारत होता. घाटात इंजिनाला कष्ट पडले, ते तापले, चौथा आला. मोकळ्या रस्त्यावर गार वारा लागला, चौथा गेला. लेकीने टेंपरेचरच्या रकान्यावर बोट ठेवले. हा काटा एरवी निम्म्याच्या जरासा खाली स्थिर असायचा. चौथा नसेल त्या प्रत्येक ओळीत तो पावाच्या आसपास रेंगाळत होता.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. पुष्कळ गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन पुरेसे तापल्याशिवाय चौथा गिअर देतच नाही. इंजिन लवकर तापावे आणि थंडपणी त्याच्यावर ओझे पडू नये म्हणून तशी योजनाच असते. ही मर्यादा गाडीगणिक वेगळी असते. बऱ्याच जपानी गाड्यांत ती ५० ते ६० अंश सेल्सियसच्या आसपास असते. म्हणजे चौथा गिअर मोडला नव्हता, त्याला परवानगी मिळत नव्हती.

मग इंजिन तापत का नव्हते? याचे उत्तर मला गाडीत मिळाले नाही, घरच्या हिशेबाच्या वहीत मिळाले. दूधवाला, गॅस, इस्त्री, शाळेची फी यांच्याबरोबर गाडीवरचा प्रत्येक खर्च मी तारखेसह लिहिते, आणि बिलावर काय काम लिहिले आहे तेही उतरवून ठेवते. मागची पाने चाळली. मे महिन्यात गाडी भर उन्हात तापली होती, तेव्हाची नोंद सापडली. "रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट काढला, ८५० रुपये."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचा एक छोटासा दरवाजा. त्याच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८२ अंशांपर्यंत तापले की मेण फुगते आणि दरवाजा उघडतो, मग पाणी रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन येते. तोवर दरवाजा बंद, म्हणजे इंजिन लवकर तापते. दरवाजाच काढून टाकला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहते. आपल्याकडे पुष्कळ गॅरेजवाल्यांचा समज आहे की गरम देशात थर्मोस्टॅटची गरज नाही. गाडी तापली की तो काढून फेकतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे खपून गेले, कारण हवाच उबदार होती. नाशिकची थंडी पडली आणि हमरस्त्यावरचा वारा रेडिएटरला लागू लागला, तेव्हा इंजिन तापेना.

तेवढ्यावर लगेच पैसे खर्च करायचे नाहीत, आधी खात्री करायची. आमच्या घराजवळ एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांना वहीचे पान दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "ताई, उद्या सकाळी मशीन लावून एक फेरी मारू." दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी चालवली, ते शेजारी मशीन घेऊन बसले. वीस किलोमीटर हमरस्त्यावर पळवल्यावरही पाण्याचे तापमान ५३ अंशांच्या पुढे जाईना. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "गिअरबॉक्सला हात लावायचा नाही."

थर्मोस्टॅट बसवला, तर मे महिन्यात गाडी तापली होती ती पुन्हा तापेल, हे त्यांच्याच लक्षात आले. मग तेव्हा ती का तापली होती? त्यांनी रेडिएटरचा पंखा तपासला. पंखा चालू करणारा रिले मधूनमधून दगा देत होता, मूळ दुखणे ते. ते न शोधता कोणीतरी थर्मोस्टॅट काढून वेळ मारून नेली होती. नवा थर्मोस्टॅट, त्याचे पॅकिंग, नवा रिले, नवे कूलंट आणि मजुरी मिळून तीन हजार चारशे रुपये झाले. पुढच्या शनिवारी पळसे ओलांडायच्या आत काटा जागेवर आला आणि चौथा पडला. आवाज खाली आला तशी लेक म्हणाली, "आई, आता रेडिओ ऐकू येतोय!" ह्यांनी गाडी विकायचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या महिन्यात पेट्रोलचा खर्चही कमी झाला, कारण थंड इंजिन नेहमीच जास्त पेट्रोल पिते.

आता थोडे सावधपणाने बोलायला हवे. प्रत्येकीच्या गाडीला थर्मोस्टॅटच नडेल असे नाही. इंजिन नीट तापते, तेल बरोबर आहे, बटण ठीक आहे, तरी चौथा पडत नाही, असे झाले तर पाचवी पायरी विजेची. गिअर बदलणाऱ्या तेलाच्या वाटा उघडायला आणि बंद करायला गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड नावाच्या विजेवर चालणाऱ्या झडपा असतात. त्यांची तार तुटते, जोड गंजतो, पाणी शिरते. गाडीचा वेग सांगणारा सेन्सर बिघडला तरी कॉम्प्युटर गोंधळतो. ही कामे मिस्त्रीची आहेत, पण गिअरबॉक्स न उतरवताही यांतले बरेच काही तपासता येते, एवढे आपल्याला माहीत असावे.

आणि सगळ्यांत शेवटची पायरी गिअरबॉक्सच्या आतली. तिथे खरोखर झीज झालेली असते तेव्हा लक्षणे निराळी दिसतात. काटा वर उडतो पण गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरते आहे. गिअर पडताना धक्का बसतो. तेलाला करपट वास येतो. पट्टीवर धातूची चमक दिसते. अशी लक्षणे असतील तर गाडी पळवत राहू नका, नुकसान वाढते. नुसता चौथा पडत नसेल आणि बाकी तीन गिअर सुरळीत असतील, तर मात्र गाडी बेताच्या वेगाने घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. पेट्रोल जास्त लागेल, आवाज होईल, एवढेच. ज्या गॅरेजने आम्हाला पंचाहत्तर हजार सांगितले, त्यांच्यावर मी लबाडीचा आरोप करत नाही. जुन्या गाडीत गिअरबॉक्स झिजतोही. माझे म्हणणे एवढेच की त्यांनी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली.

तुमच्यावर अशी पाळी आली तर गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारा. "मशीन लावलं का, आणि त्यात काय नोंद निघाली?" "चौथा मागत असताना इंजिनचं टेंपरेचर किती होतं?" "तेलाची पातळी आणि वास बघितला का?" "गिअरबॉक्स उतरवायच्या आधी वायरिंग आणि सोलेनॉइड तपासले का?" उत्तरे समोरच वहीत लिहून घ्या. लिहून घेणाऱ्या बाईशी माणसे जपून बोलतात, हा माझा अनुभव आहे. "साहेबांना पाठवा," असे कोणी म्हणाले तर रागावू नका. "गाडी मी चालवते, लक्षणं मला ठाऊक आहेत," असे शांतपणे सांगा आणि पान वाचायला लागा.

आणखी दोन गोष्टी जपा. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. कुकरची वाफ जायच्या आत झाकण उघडण्यासारखेच ते आहे, उकळते पाणी तोंडावर येते. आणि गाडी तापली म्हणून कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकतो," म्हणाले, तर त्याला आधी पंखा, पाण्याची गळती आणि रेडिएटर बघायला सांगा. काढलाच असेल तर लवकरात लवकर नवा बसवून घ्या.

आता एक काम आजच करा. हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान गाडीसाठी राखून ठेवा. गाडी धड असतानाच एकदा हमरस्त्यावर शेजारणीला वही देऊन लिहून घ्या. ८० च्या वेगाला आरपीएमचा काटा कुठे असतो, टेंपरेचरचा काटा कुठे स्थिर होतो, घरापासून कुठल्या वळणावर चौथा पडतो. खाली तारीख घाला. मूल बरे असतानाचा त्याचा चेहरा आपल्याला पाठ असतो, म्हणून तर ते मलूल झालेले आपल्याला सगळ्यांत आधी कळते. गाडीचेही तसेच आहे. हे पान भरायला अर्धा तास पुरतो आणि एक पैसाही लागत नाही.